मोठ्या स्टुडिओतला 'स्पेशल्टी' विभाग नेमकं काय करतो? चार थिएटरांचा हिशोब समजून घ्यायचाय

अर्धविराम

सोनीकडे सोनी पिक्चर्स क्लासिक्स, युनिव्हर्सलकडे फोकस फीचर्स, आधी फॉक्सकडे आणि आता डिस्नीकडे असलेलं सर्चलाइट. हॉलिवूडच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टुडिओनं कधी ना कधी असं एक छोटं बिऱ्हाड वेगळं थाटलंय. त्यांच्याबद्दल जिथे जिथे वाचावं तिथे 'कलात्मक चित्रपटांचा विभाग' एवढ्यावरच बोळवण होते. मला त्यामागचं गणित हवंय.

१. ज्या स्टुडिओला एका शुक्रवारी तीन-चार हजार थिएटरं मिळतात, त्याला चार थिएटरांत चित्रपट लावायला वेगळा विभाग कशाला लागतो? आहे त्याच माणसांना हे का जमू नये?

२. समजा एक चित्रपट ८० लाख डॉलरला घेतला आणि अमेरिकेत त्यानं ३ कोटींचा गल्ला जमवला. हा फायदाच ना? मग अशा चित्रपटांच्या निर्मात्यांना एमजीच्या (मिनिमम गॅरंटी, म्हणजे चित्रपट घेताना निर्मात्याला कबूल केलेली हमीची रक्कम) पलीकडे छदाम मिळत नाही, असं का होतं?

३. २००८ साली यातले तीन-चार विभाग एकापाठोपाठ बंद झाले किंवा मूळ कंपनीत विरघळले. त्याच वर्षीच्या ऑस्करमध्ये तर यांचाच बोलबाला होता. हे कोडं सुटत नाही.

कृपया आकड्यांसकट सांगा. 'कला विरुद्ध धंदा' ही चर्चा नको.

---

तिसरी_घंटा

पहिला प्रश्न घेतो.

पोस्टरवर नाव वेगळं छापलं म्हणून विभाग वेगळा होत नाही. तीन गोष्टी तपासायच्या. चित्रपट घ्यायचा की सोडायचा हे कोण ठरवतं? जाहिरातीचा पैसा कुणाच्या सहीनं सुटतो? थिएटरवाल्यांशी बोलणारी माणसं कुणाच्या पगारावर आहेत? ही तिन्ही कामं विभागाच्या हातात असतील तर तो खरा विभाग. पॅरामाउंटचा असा विभाग होता पॅरामाउंट व्हँटेज, त्याचं जून २००८ मध्ये हेच गेलं. मार्केटिंग आणि वितरण मूळ पॅरामाउंटमध्ये मिसळलं, उरलं ते नाव.

बाकीच्या गोष्टी मूळ स्टुडिओच्या वापरायला हरकत नसते, उलट त्या मिळतात म्हणूनच विभागाला अर्थ आहे. डिस्क, टीव्हीचे हक्क, परदेशातलं वितरण, कायदा, हिशोब. टीव्हीच्या बाबतीत हा फायदा फार मोठा. स्टुडिओनं एखाद्या वाहिनीशी वर्षानुवर्षांचा करार केलेला असतो, त्यात विभागाचा चित्रपटही ठरलेल्या दरानं जातो. एकट्यादुकट्या वितरकाला तोच चित्रपट दारोदार फिरून विकावा लागतो.

आता, त्याच माणसांना का जमत नाही? मोठ्या प्रदर्शनाची यंत्रणा उलट्या दिशेनं चालते. तिथे पैसा आधी खर्च होतो: देशभर टीव्हीवर जाहिराती, प्रदर्शनाआधी काही आठवडे चाचपणीची सर्वेक्षणं, आणि पहिल्या तीन दिवसांतच चित्रपटाचं भवितव्य ठरतं. छोट्या चित्रपटाला पैसा नंतर आणि थोडाथोडा लागतो. आधी महोत्सव, मग समीक्षा, मग लोकांच्या तोंडून झालेली प्रसिद्धी, आणि प्रत्येक सोमवारी आकडे बघून पुढच्या शुक्रवारचा निर्णय. ज्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात ५ कोटी कमावणारा चित्रपट हाताळला जातो, त्या टेबलावर चार थिएटरांच्या चित्रपटाचा फोन सगळ्यात शेवटी उचलला जातो. यात कुणाची वाईट वृत्ती नाही. कामाचा क्रमच तसा लागतो.

हे कौशल्य माणसांबरोबर फिरतं, इमारतीत राहत नाही. १९८० मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सनं 'क्लासिक्स' विभाग काढला. तिथले मायकल बार्कर आणि टॉम बर्नार्ड १९८३ मध्ये ओरायनकडे गेले आणि ओरायन क्लासिक्स उभं राहिलं. १९९२ मध्ये तेच दोघं मार्सी ब्लूम यांच्यासह सोनीत आले, ते सोनी पिक्चर्स क्लासिक्स. बाकीच्यांनी दोन वाटा धरल्या. तयार कंपनी विकत घ्यायची, जशी डिस्नीनं १९९३ मध्ये मिरामॅक्स घेतली. किंवा घरात नवी उभारायची, जशी फॉक्सनं १९९४ मध्ये टॉम रोथमन यांच्या हाताखाली सर्चलाइट उभारली. फोकस ही तिसरी तऱ्हा: २००२ मध्ये यूएसए फिल्म्स, युनिव्हर्सल फोकस आणि गुड मशीन अशा तिघांची मोट बांधून ती तयार झाली.

विकत घेण्याच्या वाटेवर एक खड्डा हमखास लागतो. युनिव्हर्सलनं १९९७ मध्ये ऑक्टोबर फिल्म्समध्ये मोठा हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरकडे असलेला 'हॅपिनेस' हा चित्रपट मूळ कंपनीला आपल्या छत्राखाली नको झाला आणि ऑक्टोबरला तो सोडावा लागला. तो प्रेक्षकांपर्यंत नेला गुड मशीननं. चार वर्षांनी युनिव्हर्सलनं त्याच गुड मशीनच्या जेम्स शेमस आणि डेव्हिड लिंडे यांना फोकस चालवायला बसवलं. थोडक्यात, चित्रपट घ्यायचा की सोडायचा हा वर सांगितलेला पहिला अधिकार करारात लिहिलेला असला तरी वादग्रस्त चित्रपट आला की त्याची खरी परीक्षा होते.

---

ताळेबंद

दुसरा प्रश्न. तुमचेच आकडे घेतो. टक्केवारी करारागणिक बदलते, ही नुसती नमुन्याची मांडणी आहे.

गल्ला ३ कोटी डॉलर. हे पैसे विभागाचे नाहीत, थिएटरच्या खिडकीवर जमलेले आहेत. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग थिएटर ठेवतं, उरलेला वितरकाकडे येतो. त्याला रेंटल म्हणतात. धरा १ कोटी ५० लाख.

प्रिंट आणि जाहिरातीचा खर्च, म्हणजे पी अँड ए. ३ कोटींचा गल्ला जमवायचा तर चित्रपट काही शे थिएटरांपर्यंत न्यावा लागला असणार, शिवाय पुरस्कारांसाठीची मोहीम. धरा १ कोटी ८० लाख.

एमजी ८० लाख. टीव्ही, डिस्क, ऑनलाइन मिळून पुढे आणखी १ कोटी २० लाख आले असं समजू. वितरणाची फी २५ टक्के.

निर्मात्याला जे पत्रक मिळतं त्यात क्रम असा असतो. थिएटरचे १५० लाख, वजा फी ३७.५ लाख, राहिले ११२.५. त्यातून पी अँड ए १८० वजा केला की उणे ६७.५. टीव्ही वगैरेचे १२० लाख, वजा फी ३० लाख, म्हणजे ९० लाख जमा. आता शिल्लक अधिक २२.५. त्यातून आधीच दिलेली एमजी ८० लाख वळती केली की पत्रकाच्या तळाशी येतं उणे ५७.५ लाख. निर्मात्याचा वाटा शून्य.

तोच चित्रपट विभागाच्या स्वतःच्या वहीत बघा. आले २७० लाख. गेले १८० अधिक ८०, म्हणजे २६०. शिल्लक अधिक १० लाख. दोन वह्यांत फरक ६७.५ लाखांचा, आणि तो बरोबर फीएवढा आहे. ही नेहमी लबाडीच असते असं नाही. फीमधून पगार, भाडं, महोत्सवांचे दौरे, न चाललेल्या चित्रपटांचं नुकसान भागतं. पण निर्मात्यानं करारावर सही करण्यापूर्वी हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडून बघितलेच पाहिजेत.

भांडायचं कुठे, तर फीच्या टक्क्यावर सगळा जोर लावण्यापेक्षा दोन कलमांवर लावावा. एक, पी अँड एवर मर्यादा: अमुक रकमेपुढचा खर्च निर्मात्याच्या संमतीशिवाय त्याच्या हिशोबात लावायचा नाही. दोन, गल्ल्याच्या टप्प्यांवर ठरावीक बोनस: १ कोटी ओलांडले की इतके, २ कोटी ओलांडले की इतके. गल्ल्याचा आकडा सगळ्यांना दिसतो, त्यात वजाबाकीला जागा नाही. 'निव्वळ नफ्यातले टक्के' कागदावर कितीही भरघोस दिसले तरी वरच्या पत्रकात त्यांची पाळी येतच नाही.

आणखी एक. विभागाचे दोन-तीन चित्रपट एकाच निर्मात्याचे असतील तर क्रॉस-कोलॅटरल कलम आहे का बघा. असेल तर पहिल्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून कापला जातो.

---

शुक्रवारचा_खेळ

वरच्या हिशोबातला १८० लाखांचा पी अँड ए कसा वाढतो किंवा आटोक्यात राहतो, ते टप्प्याटप्प्यानं होणाऱ्या प्रदर्शनावर ठरतं. सगळा कस तिथे लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला शुक्रवार: साधारण चार थिएटरं, दोन न्यूयॉर्क, दोन लॉस एंजेलिस. ही थिएटरं कोणती, यावर पुष्कळ अवलंबून आहे. जिथला प्रेक्षक समीक्षा वाचून तिकीट काढतो ती हवीत, मॉलमधलं गर्दीचं मल्टिप्लेक्स नको.

शनिवार-रविवारनंतर सगळे बघतात तो सरासरी आकडा. त्याला 'पर स्क्रीन' म्हणतात, पण भागाकार थिएटरांच्या संख्येनं होतो, पडद्यांच्या नाही. यामुळे फार गोंधळ होतो. २०० खुर्च्यांचा हॉल, रोज पाच खेळ, तीन दिवस: ३,००० खुर्च्या. १५ डॉलरचं तिकीट धरलं तर एकूण एक खेळ हाऊसफुल्ल जाऊनही ४५,००० डॉलरच. तेव्हा सरासरी ५०,००० दिसली की समजायचं, थिएटरवाल्यानं शनिवारी दुसरा हॉलही दिला. 'ब्रोकबॅक माउंटन' फोकसनं डिसेंबर २००५ मध्ये ५ थिएटरांत लावला आणि तीन दिवसांत सुमारे ५.४७ लाख डॉलर आले, म्हणजे थिएटरमागे १ लाख ९ हजार. इतकी माणसं एका हॉलमध्ये मावतच नाहीत. या चित्रपटाचा खर्च होता १.४ कोटी आणि अमेरिकेतला गल्ला पुढे ८.३ कोटींवर गेला.

पण नुसत्या सरासरीवर विस्तार ठरवणं ही सगळ्यात महाग चूक. पहिल्या आठवड्यात कलाकार थिएटरात येऊन प्रेक्षकांशी बोलतात, त्यानं आकडा फुगतो. बघायचं ते असं:

शुक्रवारपेक्षा शनिवार किती चढला, आणि रविवार किती टिकला. लोक एकमेकांना सांगत असतील तर शनिवारची चढण ठळक दिसते.

सोमवार ते गुरुवार दुपारचे खेळ. या चित्रपटांचा वयानं मोठा प्रेक्षक आठवड्याच्या मधल्या दिवशी येतो. तिथे हॉल अगदीच रिकामा असेल तर तो प्रेक्षक अजून पोचलेला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्या शनिवार-रविवारी त्याच चार थिएटरांत किती घसरण झाली. नवी थिएटरं जोडली की एकूण सरासरी पडणारच, त्यावरून काही कळत नाही. जुनी चार वेगळी काढून बघायची. घसरण २०-३० टक्क्यांत असेल तर पुढे जा. निम्म्याहून जास्त असेल तर चित्रपट समीक्षेवर चालला, तोंडी प्रसिद्धीवर नाही. तिथेच थांबून शहरं मोजकी ठेवलेली बरी.

घाई केली तर काय होतं? प्रत्येक नवं शहर म्हणजे तिथल्या पत्रकारांसाठी वेगळा खेळ, तिथल्या जाहिराती, तिथलं प्रसिद्धीचं माणूस. ३५ मिमीच्या काळात प्रत्येक प्रिंटला दीड-दोन हजार डॉलर पडायचे, त्यामुळे हात आपोआप आखडता राहायचा. आता डीसीपीची, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल फाइलची, प्रत किरकोळ खर्चात निघते आणि ६०० थिएटरं एका शुक्रवारी जोडणं सोपं वाटतं. पण खर्च जाहिरातीत असतो. ६०० ठिकाणी थिएटरमागे हजार-दीड हजार डॉलर आले तर सोमवारी सकाळीच थिएटरवाले काढून टाकतात. चालू चित्रपट ठेवायचे की काढायचे हे सोमवारच्या फोनवरच ठरतं, आणि एकदा काढलेला चित्रपट परत लागत नाही.

फार उशीर केला तरीही नुकसानच. समीक्षा शिळी होते, डिसेंबरच्या मध्यावर मोठे चित्रपट पडदे व्यापतात, आणि नामांकनं येतात तेव्हा चित्रपट कुठेच लागलेला नसतो. वेळ साधल्याचं उत्तम उदाहरण 'स्लमडॉग मिलियनेअर'. १२ नोव्हेंबर २००८ ला १० थिएटरांत सुरुवात, डिसेंबरभर बेताबेतानं वाढ, २२ जानेवारीला नामांकनं, २२ फेब्रुवारीला आठ ऑस्कर, आणि त्यानंतर २,९०० हून जास्त थिएटरं. साधारण दीड कोटी डॉलरच्या चित्रपटानं अमेरिकेतच १४ कोटींवर गल्ला केला.

उलट उदाहरणही त्याच सर्चलाइटचं. 'द बर्थ ऑफ अ नेशन' २०१६ च्या सनडान्स महोत्सवात १.७५ कोटी डॉलरला घेतला, तोवरची तिथली सर्वांत मोठी बोली. ऑक्टोबरमध्ये थेट २,१०० वर थिएटरांत उतरवला. प्रदर्शनाआधी वाद पेटलेला, आणि टप्पे नसल्यामुळे थांबायला जागाच नव्हती. अमेरिकेतला एकूण गल्ला १.६ कोटींच्या आसपास. त्यातलं रेंटल किती येणार, ते वरच्या ताळेबंदाप्रमाणे मांडून बघा.

---

कडेची_खुर्ची

ताळेबंद यांना +१. बोनसच्या टप्प्यांचा मुद्दा अगदी मोलाचा.

एक स्पष्टीकरण, कारण धाग्यात पुढे गल्लत होईल: ए२४ आणि निऑन यांना स्पेशल्टी विभाग म्हणू नका. ए२४ २०१२ ची, निऑन २०१७ ची, दोन्ही स्वतंत्र कंपन्या. चित्रपट त्याच धाटणीचे असतात, पण मागे मोठ्या स्टुडिओची टीव्ही-करारांची शिदोरी नसते. तसे करार त्यांना आपले आपण करावे लागतात.

---

ताळेबंद

बरोबर. आता तिसरा प्रश्न, २००८.

आधी घटनाक्रम. फेब्रुवारीत न्यू लाइन कंपनी वॉर्नरमध्ये सामावली गेली. मे महिन्यात वॉर्नरनं वॉर्नर इंडिपेंडंट आणि पिक्चरहाउस हे आपले दोन्ही स्पेशल्टी विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये पॅरामाउंट व्हँटेजचं विलीनीकरण. डिस्नीनं मिरामॅक्सला २००९ मध्ये कात्री लावली आणि २०१० मध्ये विकून टाकलं, किंमत ६६ कोटी डॉलरच्या आसपास.

म्हणजे हिट नव्हते म्हणून हे विभाग बंद पडले असं नाही. वॉर्नर इंडिपेंडंटच्या 'मार्च ऑफ द पेंग्विन्स'नं २००५ मध्ये अमेरिकेत ७.७ कोटी जमवले होते, आणि तो माहितीपट होता. तरी विभाग वाचला नाही, कारण एका हिटनं दरवर्षीचा पगारपाणी खर्च भागत नाही.

खरी गडबड खर्चाच्या रेषेत होती. ९० च्या दशकातल्या विभागाचा चित्रपट ४०-५० लाखांत व्हायचा किंवा त्याहून कमी किमतीत विकत घेतला जायचा. २००५ नंतर तेच विभाग २-२.५ कोटींचे चित्रपट बनवू लागले, नावाजलेले नट घेऊ लागले. 'देअर विल बी ब्लड' बघा, व्हँटेज आणि मिरामॅक्सची भागीदारी, खर्च २.५ कोटी. अमेरिकेतला गल्ला ४ कोटी, म्हणजे रेंटल साधारण २ कोटी. निर्मितीचा खर्चसुद्धा थिएटरांतून निघत नाही, जाहिरात आणि पुरस्कारांची मोहीम बाजूलाच राहिली. चित्रपट थोर आहे, दोन ऑस्कर मिळाले, पण वही वेगळं बोलते. हा फरक पूर्वी डिस्क भरून काढायची. नेमकी त्याच सुमारास डीव्हीडीची विक्री उतरणीला लागली आणि वहीतला दुसरा पाय लुळा पडला.

त्यात भर म्हणजे बाहेरचे गुंतवणूकदार ओळीनं चित्रपट काढत होते, दर शुक्रवारी डझनभर छोटे चित्रपट त्याच मोजक्या थिएटरांसाठी धडपडत होते. समीक्षेची जागा तेवढीच, पडदे तेवढेच. त्यात उठून दिसायला जाहिरात वाढवायची, म्हणजे पी अँड ए आणखी वर.

'स्लमडॉग' मुळात वॉर्नर इंडिपेंडंटचा होता. विभाग बंद झाल्यावर तो वॉर्नरकडे अडकला, आणि उन्हाळ्याच्या शेवटी सर्चलाइटनं त्यात भागीदारी घेऊन प्रदर्शन हाती घेतलं. चित्रपट तोच. फरक एवढाच की एका घरात चार थिएटरांचं काम जाणणारी माणसं उरली नव्हती आणि दुसऱ्यात होती. तिसरी_घंटा म्हणतात ते इथे चांगलंच दिसतं.

सोनी पिक्चर्स क्लासिक्स त्या पडझडीत उभं राहिलं, कारण त्यांनी अंथरूण पाहून पाय पसरले. छोटा चमू, माफक बोली, बोलीची चढाओढ तापली की बाजूला होणं, आणि वर्षाला बरेच चित्रपट. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'नं अमेरिकेत १२.८ कोटी केले, तरी पुढच्या चित्रपटांच्या किमती त्या हिशोबानं वाढवल्या नाहीत. मला यातला हा गुण सगळ्यात अवघड वाटतो.

---

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन वह्यांच्या मांडणीनं डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दोन उपप्रश्न. एमजी कधी हातात पडते? 'डिलिव्हरी झाल्यावर' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण डिलिव्हरीत काय काय येतं? आणि दुसरं, ऑस्करला पात्र ठरायला किती थिएटरं लागतात?

---

मिक्सिंग_टेबल

डिलिव्हरीचं मी सांगते. एमजी बहुधा हप्त्यांत येते: सहीच्या वेळी १०-२० टक्के, बाकीची डिलिव्हरी 'स्वीकारली' गेल्यावर. पाठवली आणि स्वीकारली यात महिने जाऊ शकतात, म्हणून कोणत्या वस्तू अडतात ते आधीच माहीत हवं.

कागद: कथेपासून चित्रपटापर्यंत हक्क कुणाकडून कुणाकडे आले याची सलग साखळी, एकही दुवा सही नसलेला नको. कॉपीराइट आणि शीर्षकाचा शोध-अहवाल. एरर्स अँड ओमिशन्स विमा (हक्कभंग, बदनामी अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा), एका दाव्याला १० लाख आणि एकूण ३० लाख डॉलर ही नेहमीची मर्यादा, त्यात वितरकाचं नाव घालून. कलाकारांचे करार, श्रेयनामावलीच्या अटी, कुणाचं नाव पोस्टरवर किती आकारात.

संगीत: इथे सर्वांत जास्त चित्रपट अडकतात. महोत्सवापुरता परवाना स्वस्तात घेतलेला असतो. विक्री ठरली की सगळ्या जगासाठी, सगळ्या माध्यमांत, कायमचा परवाना लागतो, तोही दोन्ही बाजूंनी: गाण्याच्या रचनेचा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा. एक बाजू मिळाली आणि दुसरी नाही तर गाणं बदलावं लागतं, आणि मग ते दृश्यच नव्यानं मिक्स करावं लागतं. पहिल्या करारातच 'विक्री झाल्यास पुढचे हक्क अमुक किमतीला' असं लिहून घ्यावं. चित्रपट विकला गेल्याची बातमी आल्यावर मागायला गेलं की भाव वाढलेला असतो.

ध्वनी: एम अँड ई ट्रॅक, म्हणजे संवाद वगळून बाकी सगळं. दुसऱ्या भाषेत डब करायला लागतो. एक दृश्य डोळ्यासमोर आणा. दोघीजणी ओट्याशी भाजी चिरत बोलतायत. चित्रीकरणाच्या वेळच्या माइकनं संवाद आणि सुरीचा ठोका एकत्रच पकडलाय. संवाद काढला की सुरीही मुकी होते, कपड्यांची सळसळ जाते, पातेलं ठेवल्याचा आवाज जातो, खोलीचा गुंजारवसुद्धा जातो. ते सगळं फोलीत, म्हणजे स्टुडिओत चित्र बघत हातानं आवाज काढून, पुन्हा करावं लागतं. 'भरलेला' एम अँड ई मागितलेला असतो आणि निर्माते संवादाचा ट्रॅक नुसता म्यूट करून पाठवतात. तो तपासणीत हमखास नापास होतो.

चित्र: डीसीपी, शिवाय अक्षरं नसलेली प्रत. संवादांची वेळेसकट यादी, सबटायटलची फाइल. २५ फ्रेमवर चित्रित केलेला १०० मिनिटांचा चित्रपट २४ वर चालवला की तो १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो आणि आवाज ४ टक्के उतरतो. आवाजाची पट्टी सुधारून द्यावी लागते, आणि सबटायटलच्या वेळा नव्यानं. २४ वर चित्रित करणं शक्य असेल तर तेच करा.

छायाचित्रं: ही शेवटी आठवतात. चित्रीकरणाच्या वेळी वेगळा छायाचित्रकार ठेवून काढलेली, कलाकारांनी संमती दिलेली शंभरेक तरी हवीत. चित्रपटातली फ्रेम उचलून पोस्टर होत नाही. हालचालीमुळे ती मऊ असते.

यातलं काहीही राहिलं तर विभागाला एमजी रोखायला करारात जागा असते. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे आजची तारीख आणि ती कुणाकडे आहे हे लिहून ठेवलेलं बरं. करारात एक वाक्यही घालून घ्या: अमुक दिवसांत हरकत कळवली नाही तर डिलिव्हरी स्वीकारली असं समजलं जाईल.

---

शुक्रवारचा_खेळ

ऑस्करचं. पात्रतेसाठी अमेरिकेतल्या सहापैकी एका महानगर-क्षेत्रात सलग सात दिवस थिएटरात खेळ हवेत: लॉस एंजेलिस परगणा, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, शिकागो, डॅलस-फोर्ट वर्थ, अटलांटा. रोज किमान तीन खेळ, त्यातला एक संध्याकाळी ६ ते १० च्या मध्ये सुरू होणारा. लांबी ४० मिनिटांहून जास्त. म्हणजे एक थिएटर पुरतं.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र २०२४ च्या चित्रपटांपासून अट वाढली आहे. पहिल्या प्रदर्शनापासून ४५ दिवसांच्या आत अमेरिकेच्या पहिल्या ५० बाजारांपैकी १० ठिकाणी आणखी सात दिवस चालवावा लागतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका थिएटरात गुपचूप लावून जानेवारी उलटेपर्यंत झाकून ठेवायची पद्धत यामुळे अडचणीत आली. विभागानं पी अँड ए ठरवतानाच या दहा शहरांचा खर्च धरायला हवा.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा विभाग वेगळा. तिथे प्रत्येक देश एकच प्रवेशिका पाठवतो आणि अमेरिकेत प्रदर्शन झालेलं असण्याची गरज नसते. पण प्रवेशिका नसली म्हणून अमेरिकेतला धंदा थांबत नाही. 'द लंचबॉक्स' भारताची प्रवेशिका नव्हती, त्या वर्षी 'द गुड रोड' गेला होता. सोनी पिक्चर्स क्लासिक्सनं २०१३ च्या कान महोत्सवात घेतलेला तो चित्रपट ऑस्करचा गलबला ओसरत असताना, २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस मोजक्या थिएटरांत लावला आणि वसंतभर शहरामागून शहर असा हळूहळू नेला. ४० लाख डॉलरच्या पुढे गल्ला झाला. त्या आठवड्यांत मोठे पुरस्कारवाले चित्रपट उतरणीला लागलेले असतात, उन्हाळ्याचे अजून आलेले नसतात, आणि चांगल्या थिएटरांत पडदे मोकळे मिळतात.

---

कडेची_खुर्ची

ताळेबंद यांच्या मांडणीतल्या '१२० लाखां'बद्दल थोडी भर. ती रक्कम कधी आणि कुठून येते हे २०२० नंतर बदललंय. त्या वर्षी युनिव्हर्सलनं थिएटरसाखळ्यांशी जे करार केले त्यांत फोकसही होती: १७ दिवसांनी चित्रपट घरबसल्या भाड्यानं देता येतो, आणि ज्याची पहिल्या तीन दिवसांची कमाई ५ कोटी डॉलर किंवा जास्त, त्याला ३१ दिवस थांबायचं. चार थिएटरांत सुरू होणारा चित्रपट अर्थातच १७ दिवसांच्या गटात येतो. म्हणजे शुक्रवारचा_खेळ यांनी सांगितलेला टप्प्याटप्प्याचा विस्तार तिसऱ्या आठवड्यात पोचतो तेव्हाच घरचा पर्याय उघडू शकतो, आणि जिथे चित्रपट अजून पोचलेलाच नाही त्या शहरांतला थिएटरवाला तो घ्यायला कां-कू करतो. करार करताना हा कालावधी चित्रपट किती थिएटरांत पोचला त्याच्याशी बांधून घेता आला तर पाहा. नुसत्या पहिल्या तारखेपासून मोजला की हळू चालणाऱ्या चित्रपटाचं नुकसान होतं.

---

ताळेबंद

बरोबर, आणि त्याला जोडून आणखी एक तपासा. मूळ स्टुडिओच्याच स्ट्रीमिंग सेवेवर चित्रपट गेला तर ती रक्कम एकाच घराच्या एका खिशातून दुसऱ्यात जाते. 'नोमॅडलँड' फेब्रुवारी २०२१ मध्ये थिएटरांत आणि हुलूवर एकाच दिवशी आला. सर्चलाइट आणि हुलू तेव्हा दोन्ही डिस्नीच्याच छत्राखाली. अशा वेळी तो हक्क कितीला 'विकला' असं पत्रकात लिहायचं? करारात 'त्रयस्थ कंपनीला जो दर मिळाला असता तोच धरायचा' हे वाक्य नसेल तर निर्मात्याकडे बोट ठेवायला काही राहत नाही. शक्य असेल तर त्या हक्काची रक्कम गल्ल्याच्या टप्प्यांप्रमाणे आकड्यातच लिहून घ्या: ५० लाख गल्ल्याला इतके, १ कोटीला इतके.